सातचा भोंगा आणि न संपणारं फीड

आमच्या घरी आजी अजूनही वेळ भोंग्यात मोजते. आजोबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. ही फॅक्टरी १८६९ सालची, आणि आजूबाजूच्या वस्तीचा दिवस तिच्याच तालावर चालायचा. सुटीचा भोंगा झाला की आजी चहाचं आधण ठेवायची. आधणाला उकळी येईपर्यंत आजोबांची सायकल दारात. भोंगा नसता तर काम संपलं हे कळलं कसं असतं, असं ती आजही विचारते.

हे आठवायचं कारण गेल्या आठवड्यातली एक रात्र. पावणेअकराला सकाळचा गजर लावायला म्हणून मी फोन हातात घेतला. वर एक नोटिफिकेशन दिसलं, त्यावर टॅप केलं. मग एक रील, मग दुसरी. भानावर आलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. फोन बाजूला ठेवून झोपलो आणि सकाळी उशिरा उठलो, कारण गजर लावायचाच राहून गेला होता.

तुमच्यासोबतही असं झालं असेल. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतःलाच शिव्या घातल्या असतील की आपल्याला कंट्रोल नाही, आपण आळशी आहोत. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, ॲप बनवणाऱ्यांच्या बाजूला बसतो. तिथून दिसणारं चित्र थोडं वेगळं आहे. गेल्या वीसेक वर्षांत आपल्या फोनमधून एक गोष्ट हळूहळू काढून टाकली गेली: 'संपलं' हे सांगणारी खूण. म्हणजेच भोंगा. तो कुणी काढला, का काढला आणि परत कसा बसवायचा, ते या लेखात बघूया. सुरुवात सांगली जिल्ह्यातल्या एका गावापासून करू, कारण तिथे लोकांनी खरोखरच भोंगा बसवला.

मोहित्यांचे वडगाव: संध्याकाळी सात ते साडेआठ

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव. शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारी माणसं. कोरोनात शाळा बंद झाल्या, वर्ग ऑनलाइन गेले आणि घराघरांत मुलांच्या हातात फोन आला. शाळा परत सुरू झाल्या, पण फोन काही हातातून सुटला नाही. मुलांचं वाचण्या-लिहिण्यात लक्ष नाही, शाळेच्या आधी आणि नंतर ती मोबाईलमध्येच असतात, अशी तक्रार शिक्षकांकडून आली. घरात अभ्यासाची वेगळी खोली नाही, एकाच खोलीत टीव्ही चालू, मग पोरगं अभ्यास करणार कुठे?

१४ ऑगस्ट २०२२ ला गावाने सभा घेऊन ठरवलं आणि स्वातंत्र्यदिनापासून अमलात आणलं. रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा सायरन वाजणार. तो वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा सायरन, मग सगळं मोकळं. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, गप्पा मारायच्या. सरपंच विजय मोहिते यांच्या या उपक्रमाची बातमी त्या वर्षी बीबीसीपर्यंत पोहोचली.

बातम्यांमध्ये याला 'डिजिटल डिटॉक्स' म्हटलं गेलं. माझ्या मते त्यातल्या तीन गोष्टी इंजिनियरने वहीत लिहून ठेवाव्यात अशा आहेत.

पहिली, नियम फक्त मुलांना नव्हता. महिलांच्या मालिका आणि पुरुषांचे मोबाईलही त्यात होते. वडील सोफ्यावर रील बघत मुलाला 'अभ्यास कर' म्हणतात तेव्हा काय होतं, हे आपण सगळे जाणतो.

दुसरी, नियमाला सुरुवात होती तसा शेवटही होता. फोन वाईट आहे असं कुणी म्हटलं नाही. दीड तास थांबा, एवढंच.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, सायरन सगळ्यांसाठी एकाच वेळी वाजत होता. एकट्याने फोन ठेवला तर ग्रुपवरचं काहीतरी चुकेल अशी धाकधूक राहते. सगळ्यांनीच ठेवला तर चुकणार काय? ग्रुपच शांत असतो. तरी सुरुवातीला अंगणवाडी सेविका, आशा वर्कर, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक अशा लोकांना घरोघर फिरून आठवण करावी लागली. नुसत्या सायरनने भागलं नाही, मागे माणसं लागली.

'संपलं' कुणी काढून टाकलं?

आता फोनकडे येऊ. वर्तमानपत्राला शेवटचं पान असतं. सिनेमाला 'समाप्त' असतं. कॅसेटची एक बाजू संपली की उठून ती उलटी करावी लागायची. सुरुवातीच्या वेबसाइट्सनाही पानं होती. गुगलवर खाली गेलं की १, २, ३ असे आकडे दिसायचे. पुढे जायचं तर क्लिक करायचं आणि त्या क्लिकच्या आधी एक क्षण मिळायचा: अजून हवंय का?

२००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने इन्फिनिट स्क्रोल तयार केला. तुम्ही तळाशी पोहोचायच्या आतच पुढचा मजकूर येऊन बसतो. हेतू सरळ होता, वापरणाऱ्याचा एक क्लिक वाचवायचा. पण त्या क्लिकबरोबर तो विचार करायचा क्षणही गेला. पुढे रास्किनने स्वतःच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. मग व्हिडिओमध्ये ऑटोप्ले आला. एक एपिसोड संपतो आणि काही सेकंदांत दुसरा सुरू. आधी 'चालू कर' हे आपण सांगायचो, आता 'बंद कर' हे आपण सांगायचं. ज्याच्या बाजूने काहीच करावं लागत नाही, तो पर्याय बहुतेक वेळा जिंकतो. आम्ही लोक याला 'डिफॉल्ट' म्हणतो. सॉफ्टवेअरमधली सगळ्यात ताकदवान गोष्ट कोणती असं मला विचाराल तर मी एआयच्या आधी डिफॉल्टचं नाव घेईन.

भारतात आणखी एक भोंगा होता. त्याचं नाव डेटा पॅक. २०१६ च्या आधी एक जीबीला जवळपास अडीचशे रुपये पडायचे आणि तो महिनाभर पुरवायचा असायचा. कॉलेजमध्ये आम्ही काम झालं की डेटा बंद करून ठेवायचो. व्हिडिओ वगैरे वायफाय असेल तिथेच. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि बघता बघता डेटा स्वस्त झाला. ही चांगलीच गोष्ट आहे, त्याच डेटावर कित्येकांनी फुकटात कोडिंग शिकलं. पण जाता जाता एक ब्रेक निघून गेला. वर पॅक झाले 'रोज दीड जीबी, रोज दोन जीबी'. मध्यरात्री उरलेला डेटा वाया जाणार, म्हणून झोपण्याआधी तो संपवणारे माझ्या ओळखीत चिक्कार आहेत. पूर्वी मर्यादा सांगायची 'थांब', आता तीच मर्यादा सांगते 'संपव'.

मटका, पण ओपन-क्लोज नसलेला

थांबण्याची खूण गेली, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे, पुढे जावंसं का वाटतं?

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरं आणि उंदरांवर प्रयोग केले होते. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर प्राणी भूक लागली की दाबतो. पण दाणा कधी तिसऱ्या वेळी, कधी विसाव्या वेळी, असा बेभरवशाचा मिळत असेल तर तो दाबतच राहतो. दाणा बंद केला तरी लगेच थांबत नाही, कारण 'आता मिळेल' ही शक्यता संपत नाही.

आपल्याकडे हे समजायला कबुतरांची गरज नाही, मटका पुरेसा आहे. मुंबईत मटक्याची सुरुवात कापसाच्या भावावरच्या सट्ट्यातून झाली. बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव, यावर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. मटक्याने किती घरं धुळीला मिळवली ते सांगायला नको. पण एक गोष्ट बघा, त्यातही आकडा येण्याची वेळ ठरलेली असायची. ओपन आला, क्लोज आला, मधल्या वेळात माणूस कामाला तरी जायचा.

आपल्या हातातल्या मटक्याला ओपन-क्लोज नाही. बोटाने स्क्रीन खाली ओढायची, ते गोल चक्र फिरतं आणि काहीतरी पडतं. पाच रील्स भंगार, सहावी जबरदस्त. तुमच्या फोटोवर कधी शून्य लाईक, कधी ज्या व्यक्तीचा हवा तिचाच. प्रत्येक स्वाइप म्हणजे एक आकडा लावणं. पैसे जात नाहीत म्हणून तो जुगार वाटत नाही, पण तिथे वेळ लागतो.

शिवाय हा मटका तुम्हाला ओळखतो. तुम्ही कोणत्या रीलवर किती सेकंद थांबलात, कुठली परत बघितली, कुठली मित्राला पाठवली, हे सगळं नोंदलं जातं आणि पुढचा आकडा त्यावरून काढला जातो. तुम्ही 'आवडलं' म्हणायची गरज नाही. अंगठा थांबला एवढं पुरतं. म्हणून अपघाताचा व्हिडिओ बघून तुम्हाला वाईट वाटलं तरी तसेच आणखी दोन येतात. तुम्हाला काय आवडलं आणि तुमचा अंगठा कशावर थांबला, यातला फरक अशा सिस्टीमला नीट कळत नाही.

व्हिलन शोधायला गेलात तर डॅशबोर्ड सापडेल

इथे लोक विचारतात, मग कुठल्यातरी खोलीत बसून कुणी 'चला, पोरांना व्यसन लावूया' असं ठरवतं का? माझ्या अनुभवात तसं वाक्य कुणी उच्चारत नाही. जे होतं ते जास्त साधं आहे, म्हणूनच थांबवायला अवघड.

माझी पहिली नोकरी एका शिकवणीच्या ॲपमध्ये होती. म्हणजे रील्स वगैरे नाही, चांगलं गणिताबिणिताचं ॲप. माझ्याकडे एक काम आलं. मुलांनी रोज ॲप उघडावं म्हणून 'स्ट्रीक' ठेवायची, आणि ती तुटायला आली की नोटिफिकेशन पाठवायचं. ते किती वाजता पाठवायचं? यासाठी आम्ही ए-बी टेस्ट केली. म्हणजे मुलांचे दोन गट करायचे, एकाला संध्याकाळी सातला पाठवायचं, दुसऱ्याला रात्री सव्वादहाला, आणि कुठल्या गटातली मुलं जास्त ॲप उघडतात ते बघायचं. सव्वादहा जिंकलं. उघड होतं, तेव्हा पोरं अंथरुणात असतात आणि फोन हातात असतो. आम्ही ते सगळ्यांना लागू केलं. त्या संध्याकाळी टीमने वडापाव मागवले.

आमच्या डॅशबोर्डवर रोज किती जण येतात, सात दिवसांनी किती परत येतात, तीस दिवसांनी किती, असे सगळे कॉलम होते. सव्वादहाच्या नोटिफिकेशनने किती पोरांची झोप गेली, हा कॉलम नव्हता. जे मोजलं जात नाही ते मीटिंगमध्ये येत नाही. मला त्या दिवशी हे सुचलं होतं, असं मी म्हणू शकतो. पण मी बोललो नाही. पहिलं अप्रेझल तोंडावर होतं.

आता अशा हजारो टेस्ट शेकडो कंपन्यांमध्ये रोज चालतात असं समजा. प्रत्येक टेस्टमधून थोडं जास्त चिकटवणारं व्हर्जन जिंकतं आणि त्याच्यावर पुढची टेस्ट होते. शेतकरी दर हंगामात जास्त उतारा देणारं बियाणं निवडतो, तसंच. दहा वर्षांनी जे पीक उभं राहतं, ते कुणी एकाने ठरवलेलं नसतं, पण अपघातानेही आलेलं नसतं. जाहिरातीवर चालणाऱ्या ॲपला तुमचा वेळ म्हणजे उत्पन्न. नेटफ्लिक्स तर सबस्क्रिप्शनवर चालतं, तरी २०१७ मध्ये त्यांचे तेव्हाचे सीईओ रीड हेस्टिंग्स आपली स्पर्धा झोपेशी आहे अशा अर्थाचं बोलून गेले. आमची सव्वादहाची टेस्ट त्याच स्पर्धेतली एक छोटी मॅच होती.

त्यामुळे 'तुझ्यात विल पॉवर नाही' हे वाक्य मला अपुरं वाटतं. एका बाजूला दिवसभर थकलेला एक माणूस, दुसऱ्या बाजूला लाखो लोकांवर तपासून निवडलेलं डिझाइन. ही कुस्ती बरोबरीची नाही.

मग बंदी घालायची का?

बंदीचे प्रयोग आपल्याकडेही झालेत आणि बाहेरही.

२९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. कारण सुरक्षेचं होतं, व्यसनाचं नव्हतं. पण आपल्या विषयासाठी पुढचं महत्त्वाचं. जुलैमध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स. ॲप गेलं, डिझाइन राहिलं. उलट आधीपासून फोनमध्ये असलेल्या ॲप्समध्येच ते येऊन बसलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. कळकळ वडगावचीच, पण रचना उलटी. नियम फक्त मुलांना, आणि दिवसभराचा. शाळेचं काम, फॉर्म भरणं, निकाल बघणं सगळंच फोनवर आलेलं असताना असा नियम पाळणं किती कठीण, याचा विचार करा.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडिया ॲप्सवर अकाउंट ठेवायला मनाई केली. त्यातली लक्षात घेण्यासारखी बाब म्हणजे जबाबदारी आणि दंड मुलांवर किंवा पालकांवर नाही, कंपन्यांवर आहे. पण सोळा पूर्ण झाले की पुढे तेच फीड. न्यूयॉर्क राज्याने जून २०२४ मध्ये मंजूर केलेला कायदा वेगळ्या दिशेने जातो. तो अल्पवयीन मुलांच्या फीडच्या रचनेवर आणि रात्रीच्या नोटिफिकेशनवर बोट ठेवतो. सव्वादहाच्या नोटिफिकेशनवर कायदा होऊ शकतो, हे वाचून मी जरा खुर्चीत सावरून बसलो होतो.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेम्सवर बंदी आली, मग तो नशिबाचा खेळ असो की कौशल्याचा. त्याआधी ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न्स'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ग्राहकाला फसवणाऱ्या १३ प्रकारच्या डिझाइनची यादी त्यात आहे. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, सबस्क्रिप्शन बंद करणं मुद्दाम अवघड करणं, वगैरे. चांगली यादी आहे. पण त्यात इन्फिनिट स्क्रोल नाही, ऑटोप्ले नाही, स्ट्रीकही नाही. म्हणजे तुमचे पन्नास रुपये फसवून घेतले तर तो डार्क पॅटर्न, रात्रीचे दोन तास घेतले तर ते 'एंगेजमेंट'. पुढची चर्चा व्हायला हवी ती इथे.

पण याला व्यसन म्हणायचं का?

जरा जपून. आपण 'मला चहाचं व्यसन आहे' असंही सहज म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'ची नोंद आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ महत्त्वाचा होणं आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं, अशा खुणा आहेत. सोशल मीडियाचा तसा स्वतंत्र आजार या यादीत नाही. त्यामुळे रोज तीन तास रील्स बघणारा प्रत्येक जण 'पेशंट' नाही. पण झोप, अभ्यास, नोकरी, नाती यांचं नुकसान होतंय, ते दिसतंय आणि तरी थांबता येत नाहीये, अशी स्थिती असेल तर लाजण्यासारखं काही नाही, मदत घ्या. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास मोफत आहे.

खडकीतून होळकर पूल ओलांडून पलीकडे गेलं की येरवड्याच्या बाजूला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी ते २९ ऑगस्ट १९८६ ला सुरू केलं, तेव्हा समोर गर्दचा प्रश्न होता. व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. एकट्याच्या निश्चयावर फार काळ निभत नाही, घरचे आणि गट सोबत लागतात. वडगावने मोबाईलच्या बाबतीत नेमकं तेच केलं.

खडकीतला भोंगा

आमच्या बिल्डिंगला देऊळ नाही, सायरन नाही, आणि सातला तर मी मेट्रोत असतो. तिथे सगळा डबा मान खाली घालून बसलेला, मीही त्यातलाच. तरी घरी करून बघायचं ठरवलं. रोज एक तास, सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या जुन्या डब्यात.

सगळ्यात जास्त विरोध कुणी केला असेल? आजीने. "माझी मालिका साडेआठला, मी नाही बंद करणार." शेवटी वेळ ठरली साडेनऊ ते साडेदहा, तिच्या मालिका संपल्यावर. पहिल्या दिवशी कुणाला काय करावं कळेना. आई-बाबांचं लाईट बिलावरून वाजलं. बहीण 'बोअर' म्हणत गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी मी डब्यातून फोन काढताना पकडला गेलो, आणि कारण काय तर हवामान बघायचं होतं! दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, तुमच्याकडे रोज एवढा आवाज कसला असतो? आम्ही पत्ते खेळत होतो. आता मजल्यावरची तीन घरं यात आहेत. साडेनऊ झाले की आजी पॅसेजमध्ये येऊन ताटावर पळी वाजवते. भोंग्याची ड्यूटी तिने स्वतःहून मागून घेतली.

हे नेहमी जमतं का? नाही. मॅचच्या दिवशी नियम मोडतो. माझी ऑन-कॉल ड्यूटी असते तेव्हा माझा फोन डब्याबाहेर, फक्त कॉलची रिंग चालू. बहिणीची परीक्षा असते तेव्हा नोट्स फोनवरच असतात. पण मोडलेला नियम दुसऱ्या दिवशी परत सुरू होतो, कारण पळी वाजतेच.

यातून आणि वडगावमधून शिकलेलं, थोडक्यात:

१. एकट्याने करू नका. घर, रूममेट, अभ्यासिकेतला ग्रुप, कुणीही चालेल. निदान दोघं तरी हवेत.

२. वेळ छोटी ठेवा आणि तिला शेवट ठेवा. 'आजपासून इन्स्टा बंद' यापेक्षा 'साडेनऊ ते साडेदहा' जास्त टिकतं.

३. गजराचं साधं घड्याळ घ्या. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. मी खडकी बाजारातून घड्याळ आणलं. माझी सव्वाबाराची कहाणी तिथेच संपली.

४. डिफॉल्ट बदला. यूट्यूबचं ऑटोप्ले बंद करा. नोटिफिकेशन सगळी बंद करून माणसांकडून येणारी तेवढी चालू करा: कॉल, मेसेज. ॲपकडून येणारी नकोत.

५. ॲप टायमर लावा, पण त्याच्यावर फार विसंबू नका. वेळ संपली की 'आणखी थोडा वेळ' असं म्हणायची सोय हाताशीच असते. कुलूपही आपलं आणि किल्लीही आपल्याच खिशात.

आणि आमच्या बाजूचं काय?

वरची यादी तुमच्यासाठी आहे. पण दर वेळी सगळी यादी वापरणाऱ्यानेच पाळायची, हे मला आता पटत नाही. वडगावात सायरन पंचायतीने बसवला, प्रत्येक घराला आपापला आणायला सांगितला नाही.

आता मी दुसऱ्या कंपनीत आहे, आणि नोटिफिकेशनचा कोड परत माझ्याचकडे आहे. गेल्या महिन्यात मी एक तिकीट टाकलं: रात्री दहा ते सकाळी सात, कुणालाही आपणहून नोटिफिकेशन जाणार नाही, हे डिफॉल्ट. ज्याला हवं त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. सोबत डॅशबोर्डवर एक नवा कॉलम मागितला, रात्री दहानंतर किती जण ॲप उघडतात. मॅनेजर म्हणाला, आकडे पडले तर वर उत्तर कोण देणार? मी म्हटलं, आधी टेस्ट करून बघू, उत्तर मी देतो.

तिकीट अजून ओपन आहे. वाचणाऱ्यांत माझ्यासारखं काम करणारं कुणी असेल तर असं एक तिकीट तुमच्या बोर्डवरही टाका. आमच्या मजल्यावर साडेनऊला पळी वाजतेच आहे.